दीड अंशाची दुपार

"नाव काय घालायचं?"

बोहरी आळीतल्या भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसलेल्या एका माणसाने मान वर न करता विचारलेला हा प्रश्न. तो दशरथ सातपुत्यांच्या कानात इतकी वर्षं का मुक्काम करून राहिला होता, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. त्या माणसाच्या हातात नावं घालायचं यंत्र थरथरत होतं, मांडीवर स्टीलची कोरी कळशी होती आणि समोर नवी नवरी उभी होती. तिने ओठ उघडले. तेवढ्यात मागून दशरथरावांच्या आईचा आवाज आला, "सौ. कौशल्या दशरथ सातपुते. आणि खाली तारीख घाला." यंत्र कर्रर्र बोललं. कळशीवर नाव उमटलं. नवरीचे ओठ मिटले.

नवरा दशरथ म्हटल्यावर बायको कौशल्याच हवी, हा विनोद मांडवात आत्याबाईंना सुचला होता, आणि तो लगोलग अंगठीने ताटातल्या तांदळांवर लिहिलाही गेला होता. सगळा मांडव हसला होता. नवरीही हसली, असं दशरथरावांना वाटलं होतं.

असो. कळशी आहे तिथे राहू द्या, तिच्याकडे परत यायचंच आहे. आधी गच्चीवर चला.

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीचं नाव 'निर्झर' होतं आणि तिला पाणी टँकरने येत होतं. तिच्या गच्चीवर चार पायांची, लाकडी झडपांची एक पांढरी पेटी उभी होती. आत दोन तापमापक. ही पेटी दशरथरावांनी स्वतः सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतली होती. बातम्यांच्या शेवटी पुण्याचं तापमान सांगतात ते शिवाजीनगरचं, हे एकदा त्यांच्या वाचनात आलं आणि मनाला चुटपुट लागली. शिवाजीनगरचं ऊन शिवाजीनगरला. मग बिबवेवाडीच्या डोक्यावर जे तापतं ते कुणी मोजायचं? असले प्रश्न माणसाला पडू नयेत, पडले तर बायकोला सांगू नयेत. दशरथरावांनी सांगितला. कौशल्याबाई डाळ निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "खरंच की हो. आपण मोजू या."

तेव्हापासून सकाळचा आकडा दशरथराव वाचायचे आणि बँकेत जायचे. दुपारचा आकडा उरायचा. जेवणं आटोपली, ओटा पुसला, की कौशल्याबाई पदर डोक्यावर घेऊन गच्ची चढायच्या, झडप उघडायच्या, पाऱ्याच्या टोकाशी डोळा नेऊन बघायच्या आणि तोंडातल्या तोंडात आकडा घोळवत खाली यायच्या. जिन्यात कुणी बोललं तर नुसती मान हलवायच्या, कारण तोंड उघडलं की आकडा सांडेल. तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जायचा, त्या त्या तारखेच्या चौकटीत. वर दुधाचा आकडा, खाली तापमानाचा. अशी कॅलेंडरं वर्षांमागून वर्षं माळ्यावर जमत गेली, आणि कुणाला त्याचं काही पडलं नाही.

पुढे बँकांनी माणसं कमी करायला काढली, तशी दशरथरावांनी ऐच्छिक निवृत्ती घेतली. ती ऐच्छिक होती हे त्यांना लोकांना वारंवार सांगावं लागे, यावरून काय ते समजा. ते घरी बसले, आणि नेमकी तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव यांची नोटीस जिन्याखाली लागली:

'गच्चीवर पांढरे खुराडे आढळले आहे. कबुतरे अद्याप आढळलेली नाहीत. मालकाने सर्वसाधारण सभेपूर्वी खुराडे हलवावे, अथवा ते खुराडे नसल्याचा अधिकृत पुरावा सादर करावा. पुरावा म्हणून कबुतरे आणू नयेत.'

दशरथरावांना ते लागलं. नोकरी गेली तेव्हा नव्हतं लागलं इतकं. ती पेटी गेली असती तर त्यांच्याजवळ सांगण्यासारखं म्हणून काही उरलंच नसतं. ते पाषाणच्या बाजूला एका संशोधन संस्थेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "आपण कोणती संस्था?"

"संस्था नाही. मी माणूस आहे."

"माणसांसाठी रकाना नाही," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात कसलाही राग नव्हता.

तिथून जाणाऱ्या एका तरुण बाईंनी ते ऐकलं. डॉ. तरन्नुम शेख. शहरात कुठे किती तापतं, याचाच त्या अभ्यास करत होत्या. दशरथरावांनी पिशवीतून एक कॅलेंडर काढून दाखवलं तसे त्यांचे डोळे मोठे झाले. "काका, रोजचं? इतक्या वर्षांचं? आणि दुपारचंसुद्धा?" मग त्यांनी अट सांगितली. कॅलेंडरं चालणार नाहीत. हे सगळं एकाच फाईलमध्ये हवं, एचडीएफ नावाच्या पद्धतीच्या, जिच्यात माहिती थरावर थर लावून ठेवता येते. फाईल त्यांच्या तपासणीतून पार पडली की पत्र मिळेल, लेटरहेडवर, की ही पेटी शास्त्रीय उपकरण आहे. सोबत त्यांनी तशी फाईल बनवायच्या प्रोग्रामची एक सीडी दिली. दशरथरावांनी ती तबकातल्या निरांजनासारखी दोन्ही हातांनी धरून घरी आणली.

"एचडीएफ?" बाबुराव जिन्यातच भेटले. "पुढचं एक अक्षर खाल्लंत, सातपुते. कर्ज मंजूर झालं का?"

सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी ते शेवटचं अक्षर आपापल्या पदरचं लावलं, आणि दशरथराव वाघोलीला बंगला बांधताहेत अशी बातमी संध्याकाळपर्यंत टँकरवाल्यालाही कळली. कोपऱ्यावरचे अमीनभाई, ज्यांनी त्यांना कॉम्प्युटर जोडून दिला होता, ते कळवळून म्हणाले, "सातपुतेसाहेब, कशाला डोकं शिणवताय? एक्सेलमध्ये टाका, प्रिंट काढा, लॅमिनेट करा. लॅमिनेट केलेल्या कागदाला पुण्यात कुणी नाही म्हणत नाही." सल्ला सोन्यासारखा होता, पण डॉक्टरीणबाईंना लॅमिनेशन नको होतं.

घरी लेक होती. चैताली आयटीत होती, म्हणजे घरी फारशी नव्हतीच. सँडलचा पट्टा लावता लावता ती म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. एका फाईलमध्येच फोल्डरसारखे ग्रुप्स असतात, ग्रुप्समध्ये डेटासेट्स, आणि प्रत्येकाला अॅट्रिब्यूट्स. दोन मिनिटांचं काम आहे." खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि दोन मिनिटं घेऊन ती निघून गेली.

दशरथराव पडद्यासमोर बसून राहिले. पडद्यावर एक तिरकी रेघ होती. बाकी काही नाही. ही रेघ म्हणजे मूळ, सगळं हिच्यातून फुटतं, असं सीडीबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं. ते मुळाकडे बघत होते आणि मूळ त्यांच्याकडे बघत होतं.

आतून कौशल्याबाईंचं गुणगुणणं येत होतं. मांडणी आवरताना त्या नेहमी काहीतरी जुळवून म्हणत:

"मांडणीवरी डबा, डब्याच्या पोटी डबी,
डबीत जिरेमोहरी, जागेला आपुल्या उभी…"

दशरथराव उठून दारात आले. "अगं, काय म्हणालीस?"

"काही नाही बाई. आवरतेय. तुमचं अडलंय का?"

"अडलंय म्हणजे… तुला नाही समजायचं."

"मग सांगून बघा," त्या फडकं खांद्यावर टाकत म्हणाल्या. "समजलं नाही तर तुमचं काय जातंय?"

त्यांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच थोडं थोडं उमगायला लागलं.

"म्हणजे फाईल ही मांडणी," कौशल्याबाई म्हणाल्या. "आणि ग्रुप म्हणजे डबे. डब्यात डबा चालतो?"

"हवे तितके. आधी बिबवेवाडी, तिच्यात गच्ची, गच्चीत सकाळ आणि दुपार."

"आणि त्यात जिन्नस."

"तो डेटासेट. पण एका डेटासेटमध्ये एकाच जातीचे आकडे. आणि आधी आकार सांगायचा. किती वर्षं, वर्षाचे किती दिवस."

"म्हणजे इडलीपात्र. खळगे आधी, पीठ मागून." त्यांचे डोळे चमकले. "आणि ते तिसरं काय होतं? ॲट्री…"

"अॅट्रिब्यूट. गुणधर्म."

"गुणधर्म कसले त्यात? काय लिहितात?"

"कशाचे आकडे आहेत, कोणत्या मापातले, कुणी घेतले, कशाने मोजले."

कौशल्याबाई हसल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या कळशीकडे बोट केलं. "अहो, हे भांड्यावर नाव घालण्यातलं आहे. कुणाचं, कधीचं, कुणी दिलं. भांडं लग्नाला जाऊ दे, शेजारी जाऊ दे, नाव अंगावरच असतं. चिठ्ठी चिकटवली तर पहिल्या घासणीत निघते."

दशरथराव बघत राहिले. डॉक्टरीणबाई नेमकं हेच म्हणाल्या होत्या, की आकड्यांची ओळख आकड्यांच्या अंगावरच हवी, वेगळ्या कागदावर नको, कागद हरवतात. फक्त त्यांनी ते इंग्रजीतून म्हटलं होतं, त्यामुळे ते कठीण वाटलं होतं.

तिथून काम धावायला लागलं. कौशल्याबाई कॅलेंडर धरून आकडे वाचायच्या, दशरथराव भरायचे. ज्या दिवसांत सगळे गावी गेले होते ते खळगे रिकामे राहत होते, आणि रिकामं ठेवलेलं कॉम्प्युटरला चालत नव्हतं. "आपण तरी शेजारचा डबा रिकामा कुठे परत देतो?" कौशल्याबाई म्हणाल्या. "चिमूटभर साखर घालतो." मग कागदावर सुचवल्याप्रमाणे तिथे उणे नऊशे नव्व्याण्णव घातलं, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की इथे काही नव्हतं.

"साखर जरा जास्तच झाली," त्या म्हणाल्या.

नेमके तेव्हा बाबुराव सभेच्या सूचनेवर सही घ्यायला आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडदा निरखला. "उणे नऊशे नव्व्याण्णव. सातपुते, त्या दिवशी गच्चीवर कुणी गेलं होतं का? आणि गेलं असेल तर परत आलं का?"

फाईल झाली. अमीनभाईंनी ती सीडीवर उतरवून दिली आणि सवयीने सीडीलाही लॅमिनेट करू का म्हणून विचारलं. सीडी पाषाणला गेली. मग दशरथराव फोनपाशी बसले. त्या दिवसांत ते दुसऱ्या कुणाला फोनला हात लावू देत नसत. एकदा घंटी वाजली, त्यांनी झडप घातली.

"रतन आहे का?" पलीकडून पुरुषी आवाज.

"राँग नंबर!" त्यांनी फोन आदळला. शास्त्रीय कामाच्या वेळी असले लोक!

पुन्हा घंटी. पुन्हा तोच आवाज, आता जरा चाचरत. "दाजी, मी वैजनाथ. सासवडहून."

दशरथरावांचे कान तापले. सख्खा मेहुणा. त्यांनी मुकाट्याने फोन बायकोच्या हातात दिला. कौशल्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. पण भावाशी बोलताना त्यांचा आवाज निराळाच झाला, मोकळा, मळ्यात हाका मारल्यासारखा. दशरथरावांना वाटलं, हा आवाज आपल्या घरात कुठे असतो एरवी? पण तेवढ्यात बाबुराव आले. त्यांचा फोन बंद पडला होता आणि त्यांना वाघोलीच्या एजंटाला फोन करायचा होता, कारण ते आपला फ्लॅट विकून तिकडे नव्या संकुलात जाणार होते. त्यांचा फोन व्हायच्या आत घंटी वाजली, आणि या खेपेला पाषाणच होतं.

"काका, फाईल फार सुरेख बांधलीय," डॉ. तरन्नुम म्हणाल्या. "फक्त एक विचारायचं होतं. एका वर्षी मे महिन्यात दुपारचं तापमान दीड अंश दिसतंय. बिबवेवाडीत?"

बाबुराव समोर बसलेले. काय करणार माणूस? दशरथराव छाती काढून म्हणाले, "दीड अंश ना? हो. त्या वर्षी गारवा जरा होता."

"मग शनिवारी ते दोन होतं, आणि रविवारी तीन."

"ऊन वाढत गेलं," दशरथराव म्हणाले.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. अलीकडे बाबुराव मात्र उठले आणि एजंटाला फोन न करताच लगबगीने घरी गेले. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नवी नोटीस होती: 'गच्चीवरील वैज्ञानिक उपकरणास कुणीही हात लावू नये. मुलांना त्याच्याभोवती खेळू देऊ नये. — सेक्रेटरी.' आणि वर्तमानपत्रात छोटी जाहिरात: बिबवेवाडीत फ्लॅट विकणे, भर उन्हाळ्यात नैसर्गिक गारवा, शास्त्रीय पुरावा उपलब्ध. बाबुरावांनी दशरथरावांना चहाला बोलावलं, हे निर्झरच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. दशरथराव चहा प्यायले, बिस्किटंही खाल्ली, आणि उत्साहाच्या भरात घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

कौशल्याबाईंनी ते साल विचारलं; त्या सालाचे आकडे दशरथरावांनी एका रात्री एकट्यानेच भरले होते. मग माळ्यावरून कॅलेंडर काढायला लावलं. मे महिना उघडला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे दूध आहे."

"कसलं दूध?"

"दीड लिटर. त्या मे महिन्यात वन्सं राहायला आल्या होत्या ना, मुलांना घेऊन. दुधाचं त्या बघायच्या. वरच्या जागी मी लिहायचे तिथे त्यांना दिसायचं नाही, म्हणून त्या दूध खाली लिहायला लागल्या. तापमान गेलं वर. रविवारी पाहुणे होते, म्हणून तीन."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का त्यांना?"

"वन्संना कोण सांगणार?" कौशल्याबाई म्हणाल्या, आणि कॅलेंडरची सुरळी करायला लागल्या. "मला वाटलं, आपल्याला कळतंय ना, झालं."

आकड्याच्या अंगावर माप लिहिलेलं नसलं की काय होतं, ते दशरथरावांना आता तंतोतंत समजलं. दीड म्हणजे दीडच, पण कशाचं? नुसत्या आकड्याला ना चव असते ना वास. त्यांनी पाषाणला फोन करून सांगितलं. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला, पण हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "काका, खरं सांगितलंत म्हणून बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला."

बाबुरावांचा मात्र उडाला. "सातपुते," ते जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "पाण्यात दूध घालणारे पाहिलेत, दुधात पाणी घालणारेही पाहिलेत. तापमानात दूध घालणारे तुम्ही पहिलेच." नोटीस उतरली. जुनी नोटीस परत चढली आणि तिच्यात 'खुराडे' या शब्दाखाली आता रेघ मारलेली होती. सभा रविवारी सकाळी. दशरथरावांनी मे महिना उलटा करून पुन्हा भरला, प्रत्येक डेटासेटवर 'अंश सेल्सिअस' घातलं, नवी सीडी स्वतः बसने पाषाणला नेऊन दिली, आणि शनिवारी दुपारी परत फोनपाशी येऊन बसले. पत्र आलं तर पेटी राहील. नाही आलं तर उद्या सुतारालाच बोलवायचं, या वेळी मोडायला.

फोन आला.

"काका, आता सगळं बरोबर आहे. पत्र तयार आहे, फक्त सही करायचीय. एक शेवटची शंका. निरीक्षक म्हणून तुम्ही सगळीकडे द. रा. सातपुते घातलंय."

"हो. मीच तो."

"दुपारच्या आकड्यांवरसुद्धा?"

"हो."

"पण दुपारी तुम्ही बँकेत असायचात, असं म्हणाला होतात ना?"

दशरथरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. अब्रूचा प्रश्न आला की त्यांना काही ना काही सुचायचं. गारवा सुचला होता, वाढतं ऊन सुचलं होतं. या वेळी काहीच सुचलं नाही. इतकी वर्षं डोक्यावर पदर घेऊन, तोंडात आकडा धरून जिना उतरणारी बाई त्यांना एकाएकी दिसली. नाव भरताना ती शेजारीच बसली होती. कॅलेंडर हातात धरून. आणि काही म्हणाली नव्हती.

"मग कोण वाचायचं?" डॉ. तरन्नुम विचारत होत्या. "प्रत्येकाची नजर थोडी वेगळी असते, काका. एकाच माणसाने सगळं वाचलं असेल तर ते फार मोलाचं. ते नाव घालून मला आजच ई-मेल करा. मी थांबते."

दशरथरावांनी फोन ठेवला. कॉम्प्युटर लावला. मांडणी उघडली, डब्यातून डबा काढत गेले, बिबवेवाडी, गच्ची, दुपार, आणि त्या डब्याच्या अंगावरचं स्वतःचं नाव पुसून टाकलं. रिकाम्या जागी एक बारीक रेघ लुकलुकत उभी राहिली.

"अगं, जरा येतेस का?"

कौशल्याबाई आल्या. हात ओले होते, ते पदराला पुशीत. त्यांनी पडद्यावरची रिकामी जागा बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

दशरथरावांना बरंच काही बोलायचं होतं. एक छोटं भाषणच मनात तयार होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच, दुसऱ्याच कुणाच्या आवाजातलं, बोहरी आळीतल्या स्टुलावरून आल्यासारखं.

"नाव काय घालायचं?"

कौशल्याबाईंचे ओठ उघडले. दशरथरावांनी नकळत मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. बायकोच्या तोंडाकडे ते बघत राहिले, पाऱ्याच्या टोकाकडे बघावं तसे.

"सांगेन ते घालाल?"

"घालतो."

"आणि ते निघणार नाही ना?"

"मुद्दाम पुसलं तरच. आपोआप नाही निघायचं. फाईल जाईल तिथे तिच्याबरोबर जाईल."

त्यांनी कोपऱ्यातल्या कळशीकडे एकदा पाहिलं.

"मग रतन घाला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दुकानातसुद्धा मी तेच सांगणार होते."